मार खाणारं पोर वर्गात एकटं का पडतं? तिसरीच्या मॅडमच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका मॅडमचा आहे, तिसरीचा वर्ग आहे त्यांच्याकडे. थोडक्यात असा की वर्गातला एक मुलगा रोज कुणाला ना कुणाला मारतो, मधल्या सुट्टीत त्याला कुणी खेळायला घेत नाही, शेजारी बसायला कुणी तयार नाही, आणि घरी बाप दारू पिऊन त्याला नि त्याच्या आईला मारतो हे अख्ख्या गावाला माहितीये. ह्या दोन्हीचा खरंच संबंध असतो का, वर्गात मी काय करू, आणि तक्रार केली तर पोराचे हाल अजून वाढतील का, असं त्यांनी विचारलंय.

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, बहुतेक पहिली ते पाचवीच्या पोरांबरोबरच, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

संबंध असतो मॅडम. स्टाफरूममध्ये त्याचं जे स्पष्टीकरण देतात ना, की बापाचं बघून शिकलंय, ते थोडंफार खरं आहे पण तेवढ्यानं भागत नाही. बापाची नक्कल असती तर त्यानं आपल्यापेक्षा लहान, कमजोर पोर बघून मारलं असतं. काही पोरं तसं करतातही. पण ह्यातली बरीचशी आपल्यापेक्षा दांडग्या पोरावरसुद्धा धावून जातात आणि उलटा मार खाऊन येतात, मग ह्याला नक्कल कसं म्हणायचं? तुम्ही एकदा मधल्या सुट्टीत बाजूला उभ्या राहून नुसतं बघा. पकडापकडी चाललेली असते, मागनं एक पोर पळत येतं, पाठीवर थाप मारून "औट!" म्हणून ओरडतं, आणि हा वळतो तो हात उगारूनच. समोरच्याला कळतच नाही आपण काय केलं, तो भोकाड पसरतो, चारजण तुमच्याकडे पळत येतात, "मॅडम, ह्यानं परत मारलं". आता त्याच्या बाजूनं बघा. त्याच्या घरात मागनं अचानक आलेला हात कधी लाडानं आलेलाच नाही. तिथं हा कुणाचा हात, कशासाठी आला असा विचार करायला वेळ नसतो, आधी अंग चोरायचं नाहीतर हात टाकायचा, आणि हे त्याचं अंग शिकलंय, डोक्याला विचारून होत नाही ते. घरात ते शहाणपणाचंच आहे. शाळेत मात्र त्याच वागण्याला आपण खोडी म्हणतो.

ह्यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेत केनेथ डॉज नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर बालवाडीच्या वयाच्या मुलांचा अभ्यास केला, तो १९९० साली 'सायन्स' मासिकात आला. घरी मार खाल्लेली मुलं आणि न खाल्लेली मुलं, दोघांनाही असे छोटे प्रसंग द्यायचे ज्यात दुसऱ्या मुलानं केलं ते मुद्दाम की चुकून हे स्पष्ट नसतं. मार खाल्लेली मुलं त्यातल्या बारीकसारीक खुणा सोडून द्यायची, समोरच्यानं मुद्दामच केलं असं धरून चालायची आणि उपाय विचारला की मारामारीचा सांगायची. पुढं विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सेथ पोलॅकनी चेहऱ्यांचे धूसर फोटो हळूहळू स्पष्ट करत मुलांना दाखवले आणि चेहऱ्यावर काय भाव आहे ते ओळखायला सांगितलं, तर घरी मार खाणारी मुलं रागाचा चेहरा इतरांच्या आधी, फोटो पुरता दिसायच्या आधीच ओळखायची. म्हणजे ह्या पोरांना माणसं वाचता येत नाहीत असं नाही हो, एक भाव त्यांना फारच लवकर वाचता येतो आणि जिथं तो नसतो तिथंही दिसतो. तुमच्या कपाळावर उन्हानं आठी पडली तरी ते पोर दचकून बघतंय का, लक्ष द्या.

आता जरा तुमच्या प्रश्नाच्या बाहेर जाऊन सांगते कारण ते जास्त महत्त्वाचं वाटतं मला. मारणारं पोर निदान दिसतं तरी. वर्गात अशी इतर असतील जी दिसतच नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या, त्यात महाराष्ट्रही होता, १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर ३ मुलांमागे २ मुलांना शारीरिक मार बसत होता, ५ ते १२ वयाच्या मुलांना सगळ्यात जास्त धोका होता आणि बहुतेकांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. ५ ते १२ म्हणजे तुमची आमचीच पोरं ना.

न दिसणारी कशी असतात? दुसरीतली एक मुलगी सांगते, ओळख पटू नये म्हणून दोनतीन मुलींचं मिळून सांगतेय. बाईंच्या मते वर्गातली सगळ्यात गुणी. कधी आवाज नाही, फळा पुसायला पहिली, इतरांच्या पेन्सिलींना टोक करून द्यायची, डबा उघडला की स्वतः खायच्या आधी अर्धा वाटून टाकायची. मला संशय आला तो तिच्या वहीमुळे. बेरजा सगळ्या बरोबर होत्या, पण पानाला भोकं पडली होती, खोडरबरनं इतकं घासलेलं, आणि एक आकडा लिहिला की ती मान वर करून बाईंचा चेहरा बघायची, मग पुढचा. मैत्रिणीनं एकदा तिची चपाती नको म्हटली तर तिला घामच फुटला. घरी मारापेक्षा शब्दांचा जाच होता, तू नकोच होतीस, तुझ्यामुळं घराचं वाटोळं झालं, हे रोज जेवताना. ह्या मुलींना मैत्रीण नसते मॅडम, त्यांना गिऱ्हाईकं असतात, रोज काहीतरी देऊन सांभाळायची. खेळात तिला कुणी फसवलं तरी ती भांडत नाही, राज्य तिच्यावर नसताना राज्य घेते. आणि आपण तिला मॉनिटर करतो! प्रगतिपुस्तकात 'समंजस' लिहितो.

दुर्लक्ष झालेल्या पोरांचं अजून वेगळं. कुणी मारत नाही, कुणी बोलत नाही, कुणी विचारतच नाही. ऊसतोडीला बीडकडून, नगरकडून आईबाप निघून गेले की काही पोरं हंगामी वसतिगृहात असतात, काही म्हाताऱ्या आजीकडे, आणि आजी मायेची असेल तर पोर झकास राहतं, हे आधी सांगून ठेवते, ऊसतोड कामगारांची पोरं म्हणजे दुर्लक्षित असा शिक्का मारू नका. पण जिथं खरंच कुणी नसतं, किंवा आईबाप घरातच असून नसल्यासारखे असतात, तिथलं पोर खेळायला आलं तरी त्याला खेळात शिरायचं कसं हेच माहिती नसतं. ते कडेला उभं राहतं, नाहीतर एकदम मध्ये घुसून चेंडू घेऊन पळतं. पोषण आहाराच्या रांगेत ढकलून पुढं येतं, तीनदा खिचडी घेतं, कधी खिशात भरतं. पोरं त्याला हावऱ्या म्हणतात, मळका म्हणतात, वास येतो म्हणतात. सहा वर्षांच्या पोरांना 'कच्चं लिंबू' म्हणून खेळात घेतात ना, राज्य न देता, तसं हे पोर चौथीतसुद्धा कच्चं लिंबूच राहतं. माझा अनुभव असा की मार खाणाऱ्या पोराला निदान शत्रू तरी असतात, ह्याला तेही नसतात, आणि ह्याला वर्गात जागा करून द्यायला जास्त वेळ लागतो.

लैंगिक अत्याचाराबद्दल थोडंच बोलते पण सोडून देत नाही. ह्या वयात मूल बहुतेक वेळा शब्दांत सांगत नाही, वागण्यात फरक पडतो. हसतंखेळतं पोर एकदम गप्प होतं, एका विशिष्ट माणसाबरोबर, विशिष्ट रिक्षानं, विशिष्ट शिकवणीला जायला नको म्हणतं, कपड्यात शू व्हायला लागते, किंवा वयाला न शोभणारे खेळ इतर मुलांबरोबर खेळायला बघतं. आणि मग काय होतं, दुसऱ्या मुलांच्या आया येऊन सांगतात त्या पोरीला आमच्या मुलीजवळ बसवू नका, घाण शिकवते. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला तिलाच वाळीत टाकलं जातं, आठव्या वर्षी. बदलापूरच्या प्रकरणानंतर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सगळ्या शाळा कॅमेऱ्याबद्दल बोलत होत्या. कॅमेरे लावा, जरूर लावा, पण करणारा माणूस बऱ्याचदा ओळखीतला, विश्वासातला असतो हे त्या २००७ च्या अभ्यासातही आलंय, आणि घरात कॅमेरा नसतो.

एक सावधगिरीची गोष्ट. वरचं वाचून लगेच पोरं मोजायला बसू नका. मारणारं, गप्प, हावरं दिसणारं प्रत्येक पोर अत्याचाराचं नसतं. कानाला कमी ऐकू येणारं पोर हाक मारली तरी येत नाही आणि मागनं हात लावला की तेही दचकतं. धाकटं भावंड झालेलं असतं, आजोबा गेलेले असतात, काहींचा मुळातच चंचलपणा असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा ह्या पोराचे कान-डोळे मुद्दाम नीट बघायला सांगा, ते नुसतं वजन-उंची करून निघायच्या घाईत असतात कधीकधी. तुमच्या केसमध्ये घरचा मार गावाला माहितीच आहे त्यामुळे तिथं शंका कमी, तरी कान तपासून घ्याच.

आता जे तुमच्या हातात आहे त्या भागाकडे येते. मार घरी बसतो, तो तुम्ही उद्या थांबवू शकत नाही. पण वर्गात तो एकटा पडलाय ते वर्गात घडलंय. बोल्जर आणि पॅटरसन ह्या संशोधकांनी अशी मुलं वर्षानुवर्षं बघितली, त्यात असं दिसलं की ज्यांच्यावर अत्याचार लांबले त्यांना वर्गानं नाकारण्याची शक्यता जास्त, ते नाकारणं पुढच्या वर्षांतही चालू राहतं, आणि त्यात मुलाच्या मारकुटेपणाचा मोठा वाटा असतो. ह्याचं चक्र बघा कसं होतं. तो मारतो म्हणून पोरं लांब राहतात, लांब राहिल्यामुळं त्याला खेळायचं कसं ते शिकायला मिळत नाही, भांडण झालं तर परत जमवायचं कसं, कट्टी केली तर बट्टी कशी करायची, हरल्यावर काय करायचं, हे सगळं पोरं पोरांकडूनच शिकतात, आपण शिकवत नाही. तो चौथीत जातो तेव्हा बाकीची पोरं कितीतरी पुढं गेलेली असतात आणि हा पहिलीतल्यासारखा खेळतो, मग अजून लांब.

आणि पोरं तुमचा आवाज ऐकत असतात मॅडम. मागच्या बाकावर काहीतरी पडलं, तुम्ही न बघता म्हणालात "काय रे, तूच ना परत?" की वर्गाला निकाल मिळाला. त्या दिवसापासून पेन्सिल हरवली तरी त्यानंच घेतली. हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही, ४० पोरं, वर ऑनलाइन माहिती भरायची, वर कुठला तरी सर्व्हे, माणूस वैतागतोच. पण ही एक गोष्ट फुकट आहे आणि तिचा फरक सगळ्यात लवकर पडतो, पुढच्या महिनाभर वर्गासमोर त्याचं नाव तक्रारीच्या सुरात घ्यायचं नाही. बोलायचं ते जवळ जाऊन, समोरून, त्याच्या उंचीला वाकून, हळू आवाजात.

त्यानं मारलं तर दुर्लक्ष करायचं का? अजिबात नाही. ज्याला लागलं त्या पोरालाही तुमची गरज आहे, आणि हा बिचारा म्हणून सोडून दिलं तर वर्ग त्याच्यावर अजून चिडतो. दरवेळी तेच करायचं, तेच शब्द. "मारायचं नाही. पाच मिनिटं इथं माझ्याजवळ बस." बस्स. भाषण नाही, दारात उभं करणं नाही, का मारलं म्हणून उलटतपासणी नाही, त्याला स्वतःलाच माहिती नसतं का मारलं. पाच मिनिटं झाली की परत खेळायला. त्याच्या घरात एकाच चुकीवर कधी हसतात, कधी पट्टा निघतो, बाप किती प्यायलाय त्यावर ठरतं. त्यामुळं शाळेत काय होणार हे आधीच कळणं हीच त्याच्यासाठी नवीन गोष्ट असते. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणणारच की त्याला माराशिवाय कळतच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मार आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे हे त्यांना सांगा, आणि हेही सांगा की त्याला रोज घरी मिळतोय, त्यानं कळायचं असतं तर एव्हाना कळलं असतं.

खेळाचं काय करायचं. पहिलं म्हणजे दोन कॅप्टन उभे करून गडी वाटणं बंद करा, निदान ह्या वर्षी. शेवटी उरणारं पोर रोज तेच असतं आणि ते अख्ख्या वर्गासमोर उरतं. एक-दोन, एक-दोन आकडे म्हणायला लावून गट पाडा. पाठीवर थाप मारायचे खेळ थोडे दिवस बाजूला ठेवा, लंगडी, लगोरी, दोरीच्या उड्या चालतील. त्याला नंबर, गुण, वेळ बघायचं काम देऊ शकता पण रोज तेच देऊ नका, नाहीतर तो कायमचा पंच होऊन बसेल, खेळाच्या बाहेरच.

दुसरं म्हणजे एक मित्र. सगळ्या वर्गानं त्याला आवडून घ्यावं ही अपेक्षा सोडून द्या, एक पुरतो. वर सांगितलेल्याच संशोधकांना हेही दिसलं होतं की अत्याचार झालेल्या मुलाला एक चांगला मित्र असला तर त्याचं स्वतःबद्दलचं मत काळाबरोबर सुधारतं. पण "आजपासून तुम्ही दोघं मित्र" असं म्हणून मैत्री होत नसते. दोघांशिवाय होत नाही असं छोटं काम द्या, पोषण आहाराची ताटं मोजून आणणं, सतरंजी घालणं, झाडांना पाण्याची बादली दोघांनी धरून नेणं. पाच-दहा मिनिटांचं काम, म्हणजे बिघडायच्या आत संपतं. जोडीदार निवडताना वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा नको, तो ह्याला शहाणपण शिकवायला जातो. शांत, थोडा हसरा, फार न बोलणारा असा एखादा असतोच. आणि त्या पोरावर ओझं टाकू नका, आठवड्यातनं दोनतीनदा पुरे, त्याच्या घरीही आधी सांगून ठेवा म्हणजे त्याची आई भांडायला येणार नाही.

बसायची जागा भिंतीकडे पाठ येईल अशी द्या, मागनं कुणी येणार नाही. हे सगळ्यात साधं आणि मी जवळजवळ प्रत्येक शाळेत आधी हेच करायला सांगते.

घरी काय कळवायचं हा खरा नाजूक भाग. वहीत लाल पेनानं शेरा लिहून पाठवू नका. "आज वर्गात मारामारी केली" ही एक ओळ संध्याकाळी त्या पोराच्या अंगावर उमटते, आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्याकडे येतं ते तुम्हीही त्याच बाजूच्या आहात हे समजूनच. आईला बोलवा, बापाला नको, निदान पहिल्यांदा. कारण दुसरंच काहीतरी सांगा, गणवेश, आधार कार्ड, काहीही. पोराची एक खरी चांगली गोष्ट आधी सांगा, अशा आया शाळेतनं बोलावणं आलं म्हणजे तक्रारच असं धरून आलेल्या असतात आणि बऱ्याचदा त्या स्वतःही मार खातात. तुमच्या केसमध्ये तर खातेच आहे. तिला १८१ हा महिलांसाठीचा नंबर द्या, घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात हे सांगा, पण कागदावर लिहून देऊ नका, कागद सापडला तर तिचं काही खरं नाही. आणि तिला विचारा, रात्री भांडण पेटलं तर तू पोराला घेऊन कुठं जातेस? पोरालाही वेगळं विचारा. शेजारची काकू, चुलत आजी, कुणाचं तरी एक दार ठरलेलं असलं पाहिजे. तक्रार करायच्या आधी हे दार ठरवा, मागाहून नाही.

आता तक्रार. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका जरी असली, वाजवी शंका, तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं हे तुमच्यावर बंधनकारक आहे, मुख्याध्यापक काय म्हणतात, गावाची बदनामी होईल का, हा प्रश्नच उरत नाही. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखानं दडपलं तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. मूल तुम्हाला काही बोललं तर ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला, आणि परत परत विचारू नका. तुम्ही विचारलं, मग मुख्याध्यापकांनी, मग केंद्रप्रमुखांनी, मग सरपंच आले, असं चार वेळा सांगायला लावलेलं पोर पाचव्या वेळी म्हणतं काही झालंच नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, मी मदत करणाऱ्या माणसांना सांगणार आहे" एवढंच. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे तुम्हाला माहिती असलं तर तिथं ठामपणे सांगता येतं.

घरच्या माराचं वेगळं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानंच मारहाण केली, हाल केले किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पण तुम्हाला लगेच पोलीस चौकी गाठायची गरज नाही, १०९८ ला फोन करा, ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता सरकारच चालवतं. आपलं नाव बाहेर जाऊ नये असं सांगता येतं. तिथनं जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं येतात, गरज असेल तर प्रकरण बालकल्याण समितीपुढं जातं, म्हणजे अशा मुलांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढं. लोकांना भीती असते की समिती पोराला उचलून बालगृहात टाकेल. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं कायद्याच्या तत्त्वांतच आहे, बापाला बोलावून समज देणं, त्याला व्यसनमुक्तीकडं पाठवणं, पोराला काही दिवस मामाकडं-आजीकडं ठेवणं, ह्या गोष्टी आधी बघायच्या असतात. प्रत्यक्षात काम किती चोख होतं हे जिल्ह्याजिल्ह्यावर आहे, काही ठिकाणी फार चांगली माणसं आहेत, काही ठिकाणी फाइल हलायला महिने जातात, त्यामुळं फोन करून विसरू नका, पाठपुरावा करा. हाल वाढतील का विचारलंत, तर पहिले काही दिवस बाप चिडण्याची शक्यता असते, खोटं कशाला बोलू. म्हणूनच ते शेजारचं दार आधी. पण अंगावर वळ, भाजल्याच्या खुणा, डोक्याला मार असं काही दिसलं तर दार ठरायची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन.

फरक कधी दिसेल? आधी बिघडेल. दोनतीन आठवडे तुम्ही वेगळ्या वागलात की तो जास्त त्रास देईल, कारण तुम्ही कधी हात उगारता ते त्याला बघायचं असतं. तेव्हा बहुतेक शिक्षक सोडून देतात, हे काही चालत नाही म्हणून. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत पहिल्यासारखा येईल, मोठी सुट्टी म्हणजे त्याच्यासाठी बापाबरोबर अख्खे दिवस, तेव्हा सुट्टीनंतरचा पहिला आठवडा मारामारी होणार हे धरूनच चला आणि सोमवारी जरा जास्त जवळ राहा. सुधारणा मोजायची तर मार्कांवर मोजू नका. मारून झाल्यावर तो स्वतःहून तुमच्याजवळ येऊन बसला, हात उगारून मध्येच थांबला, हरल्यावर रडला पण पळून गेला नाही, ह्याला सुधारणा म्हणायचं.

वर्ष संपताना एक काम करा जे कुणी करत नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांना तोंडी सांगा, नोंदवहीत घरची कहाणी लिहू नका, ती दहा हातांत फिरते. सांगायचं तेही थोडंच, मागनं हात लावू नका, भिंतीकडे पाठ करून बसवा, अमुक पोराबरोबर त्याचं जमतं तेव्हा तुकड्या पाडताना दोघांना तोडू नका. आई पोराला घेऊन मध्येच माहेरी निघून गेली, जे अशा घरात होतंच, तर दाखला कुठं गेला बघून तिथल्या शिक्षकांना फोन करा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि हे सगळं करताना तुम्हाला स्वतःला झोप लागेनाशी झाली, घरी चिडचिड व्हायला लागली तर १४४१६ वर फोन करा, सरकारचीच मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलता येतं, आणि पोराबद्दल नाव न सांगता सल्ला मागितला तरी चालतं.